वाचकांचे प्रश्न : कागदावरचा संघ आणि ऑगस्टमधला संघ

प्रश्न : माझा मुलगा न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहतो. त्याच्यामुळे मी तेथील प्रांतिक रग्बी पाहू लागलो. हंगामापूर्वी वाचायला मिळणाऱ्या अंदाजांत नावाजलेल्या खेळाडूंच्या संघांचे पारडे जड ठरवले जाते. प्रत्यक्षात तेच संघ मागे पडलेले अनेकदा पाहिले. मग नव्या हंगामाचा अंदाज कशावरून बांधावा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या रणजी करंडकाचे उदाहरण घेतले तर हे कोडे लवकर सुटेल. एकाच राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात, कारण संघ राज्याचा नसून संघटनेचा असतो. न्यूझीलंडमध्येही प्रांत ही शासकीय व्यवस्था 1876 मध्येच संपुष्टात आली. वायकाटो, ओटागो, टारानाकी ही नावे आज रग्बी संघटनांची म्हणून मैदानावर जिवंत आहेत. दुसरे साम्य अधिक महत्त्वाचे आहे. भारताचा सामना असला की मुंबईला आपले कसोटीपटू मिळत नाहीत. तसेच प्रांतिक स्पर्धा ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास खेळली जाते आणि नेमके त्याच काळात ऑल ब्लॅक्सचे, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय रग्बी संघाचे, कसोटी सामने असतात. त्यामुळे ज्या प्रांताच्या यादीत राष्ट्रीय खेळाडू अधिक, त्याचा कागदावरचा संघ आणि ऑगस्टमध्ये मैदानावर उतरणारा संघ यांत सर्वांत मोठी तफावत पडते.

म्हणून यादी हाती आली की मी प्रथम राष्ट्रीय संघात निवडले गेलेल्यांची नावे खोडतो आणि उरलेल्यांत दोन जागा पाहतो. पहिली जागा स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटारेटी करतात त्या झुंजीच्या, पुढच्या फळीची : मधला हुकर आणि त्याच्या दोन बाजूंचे प्रॉप यांची. या जागांवर प्रशिक्षित खेळाडूच लागतो. कोणालाही तेथे उभे करता येत नाही. त्यामुळे दोन जण जखमी झाले की एरवी चांगला असलेला संघही ढासळतो. दुसरी जागा फ्लायहाफची, कारण चेंडू हाताने खेळवायचा की पायाने पुढे ढकलायचा, हा निर्णय बहुतेक वेळा त्याचाच असतो. बाकीच्या जागा स्थानिक क्लबांतून वर आलेली मुले पुष्कळदा निभावून नेतात. माझ्या मते ही स्पर्धा पाहण्याजोगी होते ती त्यांच्यामुळेच.

मैदानाचाही विचार करावा. ड्युनेडिनच्या स्टेडियमला 2011 पासून कायमचे छत असल्यामुळे ओटागोला घरी कोरडा चेंडू मिळतो आणि वेगवान पासांचा खेळ करता येतो. वेलिंग्टनमध्ये मात्र वाऱ्याची दिशा पाहून डावपेच बदलावे लागतात. शिवाय 2024 पासून 14 संघांचा एकच गुणतक्ता असला, तरी साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला 10 सामने येतात. म्हणजे प्रत्येक संघाची तीन प्रतिस्पर्ध्यांशी गाठच पडत नाही, आणि ते तीन कोण यावर बरेच काही अवलंबून असते. पहिले आठ संघ बाद फेरीत जातात. विजयाला चार गुण, चार किंवा अधिक ट्राय केल्यास (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवल्यास) एक बोनस गुण, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यासही एक गुण, असा हिशेब असल्यामुळे चिवटपणे हरणारा संघही आठव्या स्थानापर्यंत पोहोचू शकतो. अंदाज वर्तवणारे याकडे सर्रास दुर्लक्ष करतात.

प्रश्न : रॅनफर्ली शील्ड आणि या स्पर्धेचे विजेतेपद एकच का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. शील्ड ही प्रांतांनी एकमेकांना आव्हान देऊन जिंकायची ढाल 1902 पासूनची आहे, तर स्पर्धा 1976 मध्ये सुरू झाली आणि तिचे पहिले विजेतेपद बे ऑफ प्लेंटीने मिळवले. शील्ड ज्याच्याकडे असेल त्याला त्याच्या घरच्या मैदानावर हरवले की ती पाहुण्यांकडे जाते; सामना बरोबरीत सुटल्यास मूळ मालकाकडेच राहते. ऑकलंडने 1985 पासून ती सलग 61 वेळा राखली आणि 1993 मध्ये हॅमिल्टन ज्या प्रांतात येते त्या वायकाटोने ती हिसकावली, हे आपल्या हॅमिल्टनच्या मंडळींना अजून सांगायला आवडत असेल. (ज्या ईडन पार्कवर 1994 मध्ये सचिन तेंडुलकरने प्रथमच सलामीला येऊन 49 चेंडूंत 82 धावा केल्या, ते ऑकलंडचेच मैदान.) हॉक्स बेने 2023 मध्ये वेलिंग्टनला हरवून शील्ड मिळवली, जल्लोषानंतर तिचे दोन तुकडे झाल्याचे उघडकीस आले, आणि त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात टारानाकीने त्यांना 22-19 असे हरवले. छोट्या प्रांतासाठी शील्डचा एक सामना अख्ख्या हंगामाइतका मोलाचा असतो, हे लक्षात घेतले तर तळाचे संघ अधूनमधून इतके चवताळून का खेळतात ते कळते.

प्रश्न : यंदा कोण? (तेच नाशिककर)

उत्तर : सन 2018 ते 2025 या आठ हंगामांत ऑकलंड, टॅस्मन, वायकाटो, वेलिंग्टन, टारानाकी आणि कँटरबरी असे सहा वेगवेगळे विजेते झाले, टॅस्मन आणि वेलिंग्टन यांनीच ते यश दोनदा मिळवले. कँटरबरीने 2008 ते 2013 अशी सलग सहा वर्षे विजेतेपद राखले होते आणि 2025 च्या अंतिम सामन्यात ओटागोला हरवले, म्हणून त्यांचे नाव पहिल्या चारांत धरावेच लागते. परंतु एकाच संघावर पैज लावायची झाली, तर मी टॅस्मनकडे झुकेन. नेल्सन आणि मार्लबरो या दोन लहान संघटना 2006 मध्ये एकत्र येऊन तो संघ उभा राहिला आणि 2019 व 2020 अशी लागोपाठ दोन वर्षे तो विजेता ठरला. राष्ट्रीय संघाची निवड जाहीर झाल्यावर त्यांची पुढची फळी शाबूत राहिली नाही, तर हे मत मी मागे घेईन.