रोज तीन-चार सिगारेटी आणि शनिवारी दारू. तोंडात चट्टा नाही, तरी पेशींत बदल झाले असतील का?

हो, झालेले असू शकतात. गाल आतून गुलाबी दिसतो म्हणून तुम्ही निर्धास्त आहात, पण मी तोंडाच्या आजारांची पॅथॉलॉजिस्ट आहे आणि आरशावर एवढा भरवसा ठेवू नका असंच सांगेन.

गालाच्या आतून लाकडी पट्टी हलकेच फिरवली की पेशी निघून येतात. त्या काचेवर पसरून रंगवल्या की चांगल्या पेशीत एकच गोल केंद्रक दिसतं. सिगारेट ओढणाऱ्यांच्या काही पेशींत त्याच्या शेजारी, त्याच रंगाचा, एक बारका ठिपका असतो. पेशी दुभंगताना गुणसूत्राचा जो तुकडा मागे राहिला, तो हा. याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. तो कॅन्सर नव्हे, न ओढणाऱ्यांतही एखादा सापडतो. पण असे ठिपके वाढले की खालच्या थरात डीएनए तुटतोय हे कळतं. तिथली पेशी वर यायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात, म्हणजे आज दिसणारी इजा मागच्या काही आठवड्यांतली असते.

धुरातली बेन्झोपायरीनसारखी रसायनं डीएनएला चिकटतात. दारूचं ॲसिटाल्डिहाइड होतं, त्यातलं काही तोंडातले जीवाणूच बनवतात, आणि तेही डीएनएला इजा करतं. शिवाय दारूमुळे तोंडाचं आतलं अस्तर सैल पडतं आणि धुरातलं विष आत मुरतं. म्हणून ही जोडी वाईट. १९९५ साली अमेरिकेत डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १२९ रुग्णांचं पी५३ हे पेशींना बेसुमार वाढू न देणारं जनुक तपासलं होतं. ते बिघडलेलं होतं दोन्ही व्यसनं असलेल्या ५८ टक्क्यांत, फक्त सिगारेटवाल्या ३३ टक्क्यांत आणि दोन्ही नसलेल्या १७ टक्क्यांत.

काहींच्या नुसत्या पांढऱ्या चट्ट्यातही नवव्या गुणसूत्राचा, पी१६ हे पेशींच्या वाढीला लगाम घालणारं दुसरं जनुक असलेला तुकडा गळालेला असतो. आणि बदल एका जागेपुरता राहत नाही. आजूबाजूचं चांगलं दिसणारं अस्तरही बिघडलेलं असू शकतं, हे १९५३ पासून माहीत आहे. एक गाठ काढल्यावर शेजारी दुसरी उगवते ती अनेकदा त्यामुळेच.

सोडलंत तर धोका वर्षागणिक उतरतो. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा चट्टा दिसला तर लगेच दातांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि सुरुवात शनिवारपासून करा: ग्लास हातात असताना पेटवता ती सिगारेट पहिली बंद. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.