'फ्रँकनस्टाइन' वाचतोय पण भीतीच वाटत नाहीये, पुढे वाचू की सोडू?

सोडू नका हो! तुम्ही लिहिलंय की तीस पानं झाली तरी नुसती पत्रं, बर्फ आणि व्हिक्टरचं बालपण चाललंय. मीही पहिल्यांदा तिथेच अडकलो होतो. ते पटापट वाचून काढा, फक्त तो जहाजावरचा वॉल्टन लक्षात ठेवा कारण शेवटी परत त्याच्याकडेच यायचंय.

आणि सिनेमातला मानेत बोल्ट ठोकलेला राक्षस डोक्यातून काढून टाका, पुस्तकात तसलं काही नाही, त्याला तर नावसुद्धा नाही, फ्रँकनस्टाइन हे त्याला बनवणाऱ्या व्हिक्टरचं आडनाव. नोव्हेंबरची रात्र, खिडकीवर पाऊस वाजतोय, मेणबत्ती विझायला आलीय आणि तेवढ्या उजेडात त्याचा पिवळट डोळा उघडतो, बास. व्हिक्टर घाबरून खोलीत जाऊन झोपतो, दचकून उठतो तर तो पलंगाचा पडदा वर करून बघतोय, काहीतरी पुटपुटतोय, हात पुढे केलाय. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं आता हा गळा धरणार. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की अरे, नुकतं जन्मलेलं पोर आहे हे, घ्या म्हणून हात करतंय, आणि बाप पळून गेला. तेव्हा जो काटा आला अंगावर तो कुठल्याच भुताच्या गोष्टीत आला नव्हता.

पुढे तो एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो, फटीतून त्यांना बघत बघत बोलायला शिकतो आणि रात्री गुपचूप लाकडं तोडून त्यांच्या दाराशी ठेवतो. सकाळी दार उघडलं की ती मुलगी चकित! शेवटी हिंमत करून तो आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलायला जातो, तेवढ्यात मुलगा येऊन त्याला काठीने झोडपतो. मनात आणलं असतं तर त्याने त्या पोराला फाडून टाकलं असतं पण तो हात उचलत नाही, निघून जातो. खरी भीती मला तिथून पुढे वाटायला लागली, कारण आता हा काय करणार ते कळत होतं आणि मी त्याच्याच बाजूने होतो.

मेरी शेली हे लिहायला बसली तेव्हा १८ वर्षांची होती. १८१५ मध्ये तिकडे इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्यामुळे १८१६ चा युरोपातला उन्हाळा थंडी-पावसातच गेला, जिनिव्हाच्या तळ्याकाठी सगळे घरात अडकलेले आणि कवी बायरन म्हणाला प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहा. हे सगळीकडे वाचायला मिळतं, पण मला त्याच्या आधीची गोष्ट जास्त लागते. १८१५ च्या मार्चमध्ये तिची पहिली मुलगी पंधरा दिवसांचीही न होता गेली, आणि तिने डायरीत लिहिलंय की स्वप्नात बाळ नुसतं गारठलेलं होतं, शेकोटीपुढे चोळलं तर जिवंत झालं. हे माहीत असताना तो डोळा उघडायचा प्रसंग परत वाचून बघा.

प्रत शक्यतो १८१८ ची घ्या, १८३१ मध्ये तिने बरेच बदल केले आणि व्हिक्टरच्या चुका नशिबावर ढकलल्यासारख्या वाटतात. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या साइटवर फुकट आहे. लाकडांच्या ढिगापर्यंत पोचलात की इथे नक्की सांगा.