"मले कोडिंग जमत नाही, कॉलेज सोडू का?"

दिवाळीच्या आधी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मायलेकी माझ्याकडे आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगी बीसीएच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदवीच्या, पहिल्या वर्षाला. बारावीपर्यंत मराठी माध्यम, घरी कोरडवाहू कपाशी, लॅपटॉप नाही. सी लँग्वेजच्या चाचणीत वीसपैकी चार.

"मॅडम, मले हे जमत नाही. बीएले जातो मी."

आई म्हणाली, "फी उसनवारीनं भरली जी. तुमीच सांगा."

दरवर्षी असे दोन-तीन जण तरी येतात. मी विचारलं, प्रॅक्टिकलला कीबोर्डवर तुझा हात किती वेळ असतो? ती गप्प. मग कळलं, तिघींत एक कॉम्प्युटर, टाइप दुसऱ्याच करतात, ही वहीत उतरवून घेते. घरी तेच प्रोग्राम दहा-दहा वेळा लिहून पाठ करते. पोहणं वहीत लिहून येत नाही, तसंच हे. तिच्या बुद्धीचा यात काही दोष नव्हता, आणि ते मी तिला आईसमोर सांगितलं.

बोलता बोलता आई म्हणाली, बचत गटाचं रजिस्टर हीच लिहिते. पुढच्या वेळी ते आणायला लावलं.

गटात बारा बाया. त्यांत दोघी सुनीता, जावा-जावा, आडनावही एकच. एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर चढला आणि भांडण झालं. तेव्हापासून पोरीनं प्रत्येकीला नंबर दिला. बचतीची पानं वेगळी, कर्जाची वेगळी. कर्जाच्या पानावर नाव नाही, फक्त नंबर.

मी तिथंच थांबवलं. १९७० साली एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना माहिती तक्त्यांत ठेवायची, प्रत्येक ओळीला वेगळी ओळख द्यायची आणि तिच्याच आधारे तक्ते जोडायचे, ही पद्धत मांडली. आजही बँकांचे बहुतेक हिशेब त्याच पायावर उभे आहेत. डीबीएमएसमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या विषयात, तुला 'प्रायमरी की' शिकवतील, म्हणजे हीच वेगळी ओळख. ती तू भांडण मिटवताना शोधलीस.

तिचे डोळे भरून आले. माझेही.

पण कोडिंग टाळता येणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं. तिच्या परवानगीनं विभागप्रमुखांशी बोलले. तास संपल्यावर पाचच्या एसटीपर्यंत लॅब मिळाली. नियम एकच: आधी मराठीत पायऱ्या लिहायच्या, मग टाइप करायचं, चूक आली की स्वतः शोधायची. तिचा पहिला प्रोग्राम गटाच्या व्याजाचा होता. सत्र परीक्षेत सीचा पेपर जेमतेम निघाला. पण निघाला.

परवा तिचा फोन आला. "मॅडम, सहा नंबरची बाई गट सोडून गेली. नव्या बाईले सहाच द्याचा का?"

मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "नाही जी, तेरा देतो. नाहीतर जुन्या बाईचं कर्ज हिच्या माथी येईन."