'बॉस्टनकर', 'बॉस्टनवासी' की 'बॉस्टनवाल्या'?

अमेरिकेत जन्मलेले कादंबरीकार हेन्री जेम्स यांच्या 'द बॉस्टोनियन्स' या कादंबरीविषयी मराठीत लिहिताना शीर्षकाचा अनुवाद 'बॉस्टनकर' असा करावा, 'बॉस्टनवासी' असा करावा, की आणखी काही म्हणावे, अशी पृच्छा आहे, आणि पृच्छकाचा स्वतःचा कल 'बॉस्टनकर'कडे आहे. गावाच्या नावाला 'कर' जोडण्याची सवय मराठी माणसाच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की हा कल स्वाभाविकच म्हणावा लागेल. माझा कौल मात्र 'बॉस्टनवाल्या' या रूपाला आहे आणि त्याचे कारण व्याकरणात कमी, कादंबरीत अधिक आहे.

'वासी' हा प्रत्यय प्रथम बाजूला ठेवू. तो सभेतला आणि निवेदनातला आहे. 'पुणेवासीयांनो' असे व्यासपीठावरून म्हणतात, घरात कोणी म्हणत नाही. शिवाय मराठीत तो कैलासवासी आणि वैकुंठवासी यांच्या पंक्तीला बसतो, हा दोष कादंबरीच्या शीर्षकाला परवडणारा नाही. 'बॉस्टनी' हे रूपही टिकत नाही, कारण 'कोल्हापुरी' म्हटले की चप्पल आठवते आणि 'सोलापुरी' म्हटले की चादर. माणसापेक्षा वस्तूलाच हा प्रत्यय अधिक शोभतो.

'कर'ची गोष्ट वेगळी आहे. यमुनाबाई वाईकर, विठाबाई नारायणगावकर या नावांत दिसते त्याप्रमाणे तो स्त्रीपुरुषांना सारखाच लागतो, अनेकवचनातही बदलत नाही, त्यामुळे मूळ शीर्षकाप्रमाणेच स्त्रिया की पुरुष, किती जण, हे गुलदस्त्यात राहते. पण 'कर' हा आपलेपणाचा प्रत्यय आहे. माणूस तो स्वतःला लावून घेतो, मिरवतो, आडनाव म्हणून पिढ्यान् पिढ्या वागवतो. ('बॉस्टनकर' हे आडनावच वाटते, ही अडचण आहेच.) 'पुणेकर' हा शब्द बाहेरचे लोक तिरकसपणे वापरतात हे खरे, परंतु तो तिरकसपणा पुण्याच्या लौकिकातून येतो, 'कर'मधून नव्हे, 'नागपूरकर' म्हणताना तो आपोआप उमटत नाही.

आता ही कादंबरी कोणाच्या नजरेतून पाहते ते पाहू. 1885 ते 1886 या काळात ती 'सेंच्युरी' मासिकातून क्रमशः आली आणि 1886 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. स्त्रियांच्या हक्कांसाठी सर्वस्व वाहायला निघालेली, बॉस्टनच्या सधन घराण्यातील ऑलिव्ह चॅन्सेलर. भाषणाने सभा भारून टाकणारी तरुण व्हेरीना टॅरंट. आणि ऑलिव्हचा दूरचा नातलग, मिसिसिपीतून न्यू यॉर्कला वकिली करायला आलेला, अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला बेसिल रॅन्सम. व्हेरीना कोणाची, यावरून ऑलिव्ह आणि रॅन्सम यांच्यात चाललेली ओढाताण, असा हा तिढा आहे. रॅन्समची मते तीनशे वर्षे मागची आहेत, असे त्याचा लेख नाकारणारा एक संपादकच त्याला कळवतो. व्हेरीनाची निष्ठा प्रथम नेमकी कोठे दुभंगते, ती जागा पाहण्यासारखी आहे. ती रॅन्समला हार्वर्डमधील स्मारकगृह दाखवायला नेते. उत्तरेकडून लढताना पडलेल्या विद्यार्थ्यांची नावे तेथे भिंतींवर कोरलेली आहेत. त्यांच्या शत्रुपक्षाचा हा सैनिक ती नावे वाचताना आपला पक्ष क्षणभर विसरतो, आणि व्हेरीना मात्र ही भेट ऑलिव्हपासून लपवून ठेवते.

पुस्तकाच्या नावावरून बॉस्टनचे लोक दुखावले गेले, तेव्हा जेम्स यांनी 1886 मध्ये आपले बंधू विल्यम यांना लिहिलेल्या पत्रात खुलासा केला की, सगळ्या शहराविषयी बोलण्याचे आपल्या मनातही नव्हते. शीर्षकातून केवळ ऑलिव्ह आणि व्हेरीना अभिप्रेत होत्या, आणि त्याही न्यू यॉर्कहून पाहणाऱ्या, दक्षिणेच्या, परक्या रॅन्समला जशा दिसल्या तशा. या खुलाशाने माझ्या मते प्रश्न निकालात निघतो. शीर्षक दोन बायकांना उद्देशून आहे आणि ते उच्चारणारा बाहेरचा पुरुष आहे. मराठीत हे दोन्ही एका प्रत्ययात सांगता येते. 'वाल्या' म्हटले की बायका आल्या, आणि 'मोर्चेवाल्या', 'चळवळवाल्या' या शब्दांत जो किंचित हिणवणारा, अंतर राखणारा सूर असतो तोही आला. बॉस्टन हे तेव्हा अशा चळवळींचे माहेरघर होते. स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या ल्यूसी स्टोन यांचे 'वुमन्स जर्नल' हे नियतकालिक तेथूनच 1870 पासून निघत होते आणि पंडिता रमाबाईंच्या कार्याला साहाय्य करणारी रमाबाई असोसिएशनही 1887 मध्ये तेथेच स्थापन झाली. त्यामुळे रॅन्समच्या तोंडी गावाचे नाव हे मतांचेही नाव होते.

असे केल्याने अनुवादक रॅन्समच्या बाजूला झुकतो, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो तितका सबळ वाटत नाही, कारण रॅन्सम व्हेरीनाला सभागृहातून घेऊन जातो तेव्हा ती रडत असते, आणि हे तिचे शेवटचे अश्रू नसावेत अशी भीती व्यक्त करूनच निवेदक कादंबरी संपवतो. शीर्षकातला सूर रॅन्समचा असला तरी अखेरचा शब्द त्याचा नाही. मात्र कादंबरीतली बॉस्टनची माणसे स्वतःविषयी बोलतील तेथे अनुवादात 'बॉस्टनकर' अवश्य वापरावे. दोन प्रत्ययांतला फरक तेथे उपयोगी पडेल.

पृच्छेत या पुस्तकाला 'सफ्रजेट चळवळीवरील कादंबरी' म्हटले आहे, ते बदलावे. तो शब्द 1906 मध्ये लंडनच्या 'डेली मेल'ने ब्रिटनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या लढाऊ कार्यकर्त्यांना हिणवण्यासाठी, मुद्दाम लघुत्वदर्शक स्त्रीलिंगी प्रत्यय जोडून वापरला आणि पुढे त्या स्त्रियांनी तोच अभिमानाने स्वीकारला. अमेरिकेतील या कथेला तो वीस वर्षे उशिराचा आहे, आणि ऑलिव्हचे मागणे केवळ मताधिकाराचे नाही. 'स्त्रियांच्या हक्कांची चळवळ' एवढे साधे म्हटले तरी पुरेल.