छोट्या पिस्तुलाच्या गोळ्या खाली का लागतात?

भावा, साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण, एक पुढे नि एक मागे) फिरवायची घाई करू नकोस, आधी हात बघ. बार उडणार या धास्तीनं नवखा माणूस ट्रिगर हिसकतो, मनगट खाली दाबतो. आखूड पिस्तुलात दोन साइटमधलं अंतर कमी, म्हणून जराशी चूकही मोठी दिसते. उजव्या हाताचा असशील तर गोळ्या बहुधा खाली-डावीकडेच जातील.

- नेमबाजीच्या रेंजवर प्रशिक्षकाला तुझ्या नकळत मॅगझिनमध्ये एक डमी (न उडणारं) काडतूस भरायला सांग. त्यावर ट्रिगर ओढताना नळी खाली झुकली, तर कारण सापडलं.
- नजर पुढच्या साइटवर ठेव, लक्ष्य पुसट दिसू दे.

भर पावसात खानापूरहून बेळगावला रेंजवर येणं जमलं नाही तर घरी रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगर सावकाश दाबायचा सराव कर. चेंबर (नळीमागची काडतूस बसायची जागा) दोनदा तपास, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव, यात हयगय नको.

हात टेकूवर ठेवून झाडलेल्या गोळ्याही खालीच लागल्या, तर साइट आणि गोळीचं वजन बघू.