खान्देशात जुन्या बागा दाखवणाऱ्या फेऱ्या होतात का? नसतील तर कशा सुरू कराव्यात?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन जळगावला आलात, तिकडे एम्प्रेस गार्डनमध्ये झाडं ओळखायच्या फेऱ्यांना जायचात, आणि इथे तीन महिन्यांत तसं काही दिसलं नाही. शेवटी एक वाक्य टाकलंय, "की इथे दाखवण्यासारखी जुनी बागच नाही?" खरं सांगू का, त्या एका वाक्यासाठी उत्तर लिहायला बसले.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. यावल-रावेरकडच्या माणसाला "चला, बागेत जाऊन येऊ" म्हणालात तर तो तुम्हाला केळीत घेऊन जाईल. आमच्याकडे बाग म्हणजे केळीची. पोरांना घसरगुंडीवर न्यायचं असतं ते 'गार्डन'. म्हणजे बागेला इथे पाणी आधी चिकटलेलं आहे, फुलं नंतर. हे मला कळायला बराच वेळ लागला, आणि माझी पहिली फेरी त्यामुळेच फसली.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर हौसेने सुरुवात केली. मुंबईला बहिणीकडे गेले की राणीच्या बागेत तासन्‌तास हिंडायचे. ती १८६२ पासूनची बाग, एकेक झाड बघताना मान दुखते. तसंच इथे करू म्हटलं. मार्चचा शेवटचा रविवार, सकाळी आठची वेळ, बावीस माणसं. मी चौथ्या झाडाचं शास्त्रीय नाव सांगत होते तेव्हा मागचे सहा जण रसवंतीवर पोचले होते. नऊला उरले आम्ही पाच, त्यात एक माझा भाचा. मार्चअखेरचं आमचं ऊन तुम्ही अजून पाहिलेलं नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो तेव्हा रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा टाकीखालची ओल शोधतं.

त्या दिवशी माणसं पांगली, आणि मी एका वडाखाली बसले. तिथला म्हातारा माळी पाण्याचा पाइप ओढत जवळ आला. म्हणाला, "ताई, हे झाड माह्या बापानं डोक्यावर पानी आनून वाढवेल हाये." मग कुठल्या विहिरीचं पाणी, किती खेपा, दुष्काळात काय केलं, हे त्याने वीस मिनिटं सांगितलं. उरलेले चौघंही जागचे हलले नाहीत. तेव्हापासून माझ्या फेरीत प्रत्येक झाडापाशी पहिला प्रश्न हाच असतो, याला पाणी कुणी पाजलं? नाव मागाहून सांगते. कधी कधी विसरतेही.

आता तुमच्या 'जुनी बाग' या मुद्द्यावर. अगदी पुस्तकी अर्थाने ऐतिहासिक बाग हवी असेल तर भुसावळवरून खांडव्याच्या गाडीत बसा, रावेर ओलांडा आणि बऱ्हाणपूरला उतरा. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या खान्देशची राजधानी तीच. तापीपलीकडे झैनाबादला आहूखाना आहे. आहू म्हणजे हरीण, आहूखाना म्हणजे हरणं राखलेली बाग. १६३१ च्या जूनमध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात गेली तेव्हा तिला आधी इथेच पुरलं होतं. सहा महिन्यांनी तिला आग्र्याला नेलं. ताजमहाल सगळ्यांना ठाऊक, आणि ही बाग आमच्या शेजारी असून आमच्यातल्या निम्म्यांनी पाहिलेली नाही.

पण तिथे गेलात तर आहूखान्याच्या आधी कुंडी भंडारा बघा. सातपुड्यातून जमिनीखाली झिरपणारं पाणी अडवून, एकापुढे एक शंभरावर कुंड्या खोदून, त्या आतून बोगद्याने जोडून शहरात पाणी आणलं. खानखाना अब्दुर्रहीमच्या अमलात, १६१५ च्या सुमाराला. हाच तो दोहेवाला रहीम. वरून बघितलं तर नुसते विहिरींचे कठडे एका रेषेत दिसतात. खाली उतरलं की पायाशी थंड पाणी, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर. एवढं सगळं जमिनीखाली चाललेलं असतं म्हणून वर हिरवं दिसतं. आमच्या गटाला तिथून वर काढायला दर वेळी मला ओरडावं लागतं.

जळगाव शहरात एवढं जुनं काही नाही, हे कबूल. पण शहरातल्या फेरीला एक गोष्ट आहे ती पुण्यालाही नाही. भाऊंच्या उद्यानापाशी काव्यरत्नावली चौक आहे ना, तिथून सुरुवात करा. 'काव्यरत्नावली' हे फक्त कवितांना वाहिलेलं मासिक. नारायण नरसिंह फडणीसांनी १८८७ मध्ये ते इथून सुरू केलं. १९०७ मध्ये जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं. त्यात धरणगावचा एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोमरे, कविता म्हणाला आणि अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. अध्यक्ष कोण होते हे विचारलं की सगळे गप्प. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. लष्करी डॉक्टर, मराठीत कविता करणारे, आणि मुख्य म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा तो प्रचंड ग्रंथ, ज्याला अजून आयुर्वेदाची पोरं 'कीर्तिकर-बसू' म्हणून ओळखतात, तो त्यांचाच. ते १९१७ मध्ये वारले आणि ग्रंथ आला १९१८ मध्ये. त्याच १९१८ च्या मे महिन्यात बालकवी भादली स्टेशनापाशी रेल्वेखाली गेले.

म्हणजे निसर्गकवीला नाव दिलं झाडांच्या डॉक्टरने, आणि तेही आमच्या गावात. ही गोष्ट मी मुद्दाम कडुनिंबाखाली सांगते, कारण त्यानंतर मला दोन फांद्या दाखवायच्या असतात. एक कडुनिंबाची, एक बकाणाची. दहातले आठ जण दोन्हींना लिंबच म्हणतात. फांदी हातात दिली की फरक दिसतो. कडुनिंबाची पानं एकाच दांड्याला दोन्ही बाजूंनी ओळीने लागलेली, कडा करवतीसारख्या, आणि पान कोयत्यासारखं एका अंगाला वाकलेलं. बकाणाच्या दांड्याला आणखी छोटे दांडे फुटतात आणि पानं त्यांवर. फुलं आली असतील तर प्रश्नच नाही, लिंबाची पांढुरकी, बकाणाची जांभळट. एवढ्याला सात मिनिटं लागतात आणि घरी जाऊन लोक आपापल्या अंगणातलं झाड तपासतात.

वेळ काढून धुळ्याकडेही जा. लळिंगचं कुरण हे माझ्या लेखी खान्देशातलं सगळ्यात सुंदर 'गार्डन', जरी तिथे कुणी एक रोप शोभेसाठी लावलेलं नसलं तरी. मुंबई-आग्रा रस्त्याला लागून फारुक्यांच्या वेळचा किल्ला, आणि खाली अंजनाची झाडं. अंजनाचं पान तळहातावर ठेवा. दोन पानं देठाशी जोडलेली, आपट्याची धाकटी बहीण वाटेल अशी. शास्त्रीय नावातला 'बायनाटा' हा शब्द त्या जोडीचाच. लाकूड इतकं जड आणि टणक की कुऱ्हाड बोथट व्हावी. माती वीतभर, खाली काळा पाषाण, तरी मुळं फटीतून खाली जातात. पाला गुरांना चालतो, सालीचे दोर वळतात. याला पाणी कुणी पाजलं, या माझ्या प्रश्नाला इथे उत्तर मिळत नाही, म्हणून मला हे झाड आवडतं.

तिथेच वर लांडोर बंगला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याला एका खटल्यासाठी आले असताना ३१ जुलै १९३७ रोजी तिथे मुक्कामाला होते. दर वर्षी ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते, दुरून माणसं येतात. तुम्ही विचारलंत 'कार्यक्रम होतात का', तर हा बघा. कुणी तिकीट लावत नाही, कुणी त्याला हेरिटेज इव्हेंट म्हणत नाही. भर पावसाळ्यात कुरण हिरवं असतं आणि चढावर ढोल वाजत असतात. फक्त त्या दिवशी आपली झाडांची फेरी ठेवू नका. तो दिवस त्यांचा आहे, पाहुणा म्हणून जायचं, नमस्कार करायचा.

धुळ्याला गेल्यावर पांझरेच्या काठचे फडही दाखवायचे असतात. तीन-चारशे वर्षांची पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि खालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, कुठल्या फडात काय ते गावाने ठरवायचं, पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. तरुण विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीला याच भागात होते. दातर्तीजवळ पांझरेच्या पात्राखालून पाणी नेणारा सायफन त्यांनी केला. या एका फेरीला मला निम्मा दिवस लागतो आणि मी तो देते.

आता सुरू कसं करायचं.

पंधराच्या वर माणसं घेऊ नका. सोळाव्याला आवाज पोचत नाही, आणि छोटा स्पीकर लावलात की पाखरं उडतात, शिवाय बाकड्यावर बसलेले आजोबा रागावतात ते वेगळंच. हिवाळ्यात पावणेसात, होळीनंतर सव्वासहा, दीड तासात संपवायचं. आदल्या दिवशी त्याच वेळी एकट्याने पूर्ण फिरून यायचं, कारण सावली कुठे पडते ते तेव्हाच कळतं. थांबे झाडांवरून नाही, सावलीवरून ठरवायचे. मोठ्या वडा-पिंपळावर आग्या मोहोळ आहे का ते मान वर करून बघायचं. असेल तर ते झाड लांबूनच, आणि त्या दिवशी अत्तर-उदबत्ती बंद. पाण्याची बाटली ज्याची त्याने आणायची. स्वच्छतागृह कुठे आहे आणि उघडं आहे का, हे बायका विचारत नाहीत पण त्यावरच पुढच्या वेळी यायचं की नाही ते ठरवतात.

परवानगी लेखी घ्या, आणि त्याची पोच खिशात ठेवा. एकदा आमच्याकडे सही-शिक्क्याचं पत्र होतं आणि फाटकाला कुलूप. रखवालदाराला कुणी कळवलंच नव्हतं. फोनवर साहेब म्हणाले, "सोमवारी या." रविवारी सकाळी साडेसहाला अठरा माणसं फाटकाबाहेर. शेवटी कुंपणाबाहेरून फेरी केली, फुटपाथवरचीच झाडं दाखवली. त्यात किती झाडांना जाहिरातींचे खिळे ठोकलेत ते मोजलं, एकट्या एका शिरीषाला एकतीस. त्या दिवशीच्या फेरीची आठवण लोक अजून काढतात.

यावरून आठवलं, २०२१ मध्ये राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात जो बदल झाला त्यात पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'हेरिटेज ट्री' धरलंय. म्हणजे तुमच्या कॉलनीतला तो चिंचेचा बुंधा, ज्याखाली सगळे गाड्या लावतात, तोही वारशात आला. बागेला दोनशे वर्षं नसली म्हणून काय झालं. वय काढायला जुनी माणसं गाठा, "तुमच्या लग्नात हे झाड केवढं होतं?" असं विचारा. तारीख नाही सांगणार कुणी, पण लग्नाच्या फोटोत मागे झाड निघतं.

फी घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण आमच्याकडे पैशापेक्षा जेवणावर माणूस बांधला जातो. डिसेंबरमध्ये एक फेरी कुणाच्या तरी मळ्यात संपवा. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, भरीत, कळण्याच्या पुऱ्या. त्या दिवशी पंधराचा नियम पाळला जाणार नाही, ते आताच सांगते. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लिंबाला बांधलेले झोके बघायला खेड्यात जा. माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर अहिराणी गाणी म्हणतात. तिथे झाडाची माहिती सांगायला तोंड उघडलंत तर पोरी हसतील.

तुमचा पहिला प्रश्न होता, होतात का. आम्ही करतो, महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा, पेपरात येत नाही एवढंच. जानेवारीची फेरी मेहरूण तलावाच्या काठाने असते. मेहरूणची बोरं नावाजलेली, झाडं मात्र आता थोडीच उरलीत. पोरं चुकवून तुमच्या वाट्याला चार आली तर नशीब. नाहीतर परतताना टोपल्या घेऊन बसलेल्या बाया दिसतील, साडेआठच्या आत त्या येत नाहीत. कापडी पिशवी आणा, आणि दबलेली नका घेऊ, टणक बघून घ्या.