खिंड लढवणारे फक्त तीनशेच होते का?

प्रश्न : ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीत इराणी फौजेशी लढलेल्या स्पार्टा या ग्रीक नगरराज्याच्या तीनशे सैनिकांवरच्या '३००' या चित्रपटात तलवारीचा वार मध्येच संथ होतो आणि क्षणात वेग घेतो, आकाशापासून माणसांच्या अंगापर्यंत सगळेच तांबूस दिसते. हे कसे साधले असेल?

उत्तर : झॅक स्नायडर यांचा हा चित्रपट फ्रँक मिलर यांच्या १९९८ सालच्या चित्रकथेवर बेतलेला आहे आणि त्या पानांवरची चौकट पडद्यावर जशीच्या तशी उभी करायची, हाच दिग्दर्शकाचा हट्ट होता. त्यासाठी जवळजवळ सगळे चित्रीकरण माँट्रियलच्या स्टुडिओत निळ्या पडद्यासमोर झाले आणि समुद्र, कडे, ढग नंतर संगणकावर भरले गेले. छाया अधिक काळ्या आणि उजेड अधिक प्रखर केल्यामुळे चित्राला शाईचा गडदपणा आला. सेकंदाला नेहमीच्या चोवीसपेक्षा कितीतरी अधिक चौकटी (फ्रेम) टिपल्या, की नेहमीच्या गतीने दाखवताना हालचाल संथ होते. संकलनात हीच गती हवी तिथे वाढवली की वार अंगावर आल्यासारखा वाटतो. स्पार्टाचा राजा लिओनिडास एकटा पुढे सरकत एकेकाला आडवा करतो, तो सलग प्रसंग पुन्हा पाहा. चित्र अचानक जवळ जाते आणि दूर येते, कारण वेगवेगळ्या भिंगांनी एकाच वेळी टिपलेली दृश्ये तिथे एकमेकांत मिसळली आहेत.

प्रश्न : स्पार्टाचे सैनिक खरोखरच उघड्या अंगाने लढले का? आणि तेही फक्त तीनशे?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे. चित्रपटाची कथा डिलिओस हा वाचलेला सैनिक पुढच्या लढाईच्या तोंडावर सोबत्यांना सांगत असतो. पोवाड्यात शत्रू राक्षस होतो आणि आपला वीर पहाडाएवढा होतो, तसेच इथे झाले आहे. म्हणून अक्राळविक्राळ प्राण्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ढालीबद्दल.

ग्रीक पायदळाचा सैनिक डोक्यावर कांस्याचे शिरस्त्राण, अंगात चिलखत आणि पायांवर नडगीचे पत्रे घालून लढत असे. डाव्या हातातली सुमारे तीन फूट व्यासाची जड ढाल त्याच्या स्वतःच्या अंगाइतकीच डावीकडच्या सोबत्याचे अंग झाकत असे. चिलखत स्वतःसाठी असते, पण ढाल सगळ्या रांगेसाठी असते, असे एका स्पार्टन राजाच्या तोंडी घातलेले वचन प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने नोंदवले आहे. चित्रपटालाही हे ठाऊक आहे. पाठीला कुबड असलेल्या एफिआल्टिस या स्पार्टनाला ढाल पुरेशी उंच उचलता येत नाही, म्हणून लिओनिडास त्याला रांगेत घेत नाही आणि पहिल्या धडकेत ढालींची ती भिंत सुरेख दिसतेही. पण थोड्याच वेळात रांग मोडून जो तो एकेकटा पराक्रम गाजवू लागतो. अरुंद खिंडीत मोठ्या फौजेला थोपवून धरता आले ते या रांगेमुळे. ती मोडली की त्या शौर्याचा गाभाच हातून निसटतो, असे मला मनापासून वाटते.

आता संख्येविषयी. इसवी सनपूर्व ४८० मध्ये थर्मोपिलीला सुरुवातीला सुमारे सात हजार ग्रीक होते. तिसऱ्या दिवशी डोंगरातली आडवाट शत्रूला कळल्यावर बहुतेक तुकड्या माघारी गेल्या. मागे राहिले त्यांत तीनशे स्पार्टन होतेच, पण थीब्ज या ग्रीक नगराचे चारशे थीबन आणि थेस्पिया या नगराचे, डेमोफिलसच्या हाताखालचे सातशे थेस्पियनही होते. थीबनांना लिओनिडासने बळजबरीने ठेवून घेतले, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस म्हणतो. थेस्पियन मात्र आपल्या मर्जीने थांबले आणि तिथेच पडले. त्यांचे नगर नंतर इराणी सम्राट झर्क्सिसच्या फौजेने जाळले. चित्रपटातल्या शेवटच्या दिवशी हे सातशे जण कुठेच नाहीत. थर्मोपिलीला लिओनिडासच्या पुतळ्याजवळ त्यांचे स्मारक उभे राहिले तेही १९९७ साली.

प्रश्न : इराणी दूताला विहिरीत ढकलण्याचा प्रसंग खरा आहे का?

उत्तर : त्याला आधार आहे, पण काळ वेगळा आहे. माती आणि पाणी, म्हणजे शरणागतीची खूण, मागायला आलेल्या दूतांना स्पार्टाने विहिरीत लोटले आणि तिथूनच ते घ्यायला सांगितले, असे हिरोडोटस लिहितो. मात्र ते दूत झर्क्सिसचे नव्हते, त्याचे वडील दरायस यांचे होते. दूतहत्येचे पाप फेडायला स्पार्टाने पुढे स्पर्थिअस आणि बुलिस या दोघा स्वयंसेवकांना झर्क्सिसकडे मरायला पाठवले. स्पार्टाने सर्व मानवजातीचा संकेत मोडला, तसे आपण करणार नाही, असे सांगून झर्क्सिसने दोघांना जिवंत परत पाठवले.